पोरीच्या हातातलं काम

मुलींची गळती समजून घ्यायची असेल तर शाळेचा दिवाळीनंतरचा हजेरीपट पाहावा. माझी सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव-कवठेमहांकाळच्या पट्ट्यातल्या माध्यमिक शाळांत गेली. आठवी-नववीच्या वर्गशिक्षिकेला ही पानं पाठ होतात. जून ते सप्टेंबर मुलं-मुली सारखीच हजर असतात. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की काही मुलींच्या ओळीत एखाददुसरी गैरहजेरी दिसू लागते. आधी बाजाराच्या दिवशी, मग सोमवारीही, मग सलग तीन-चार दिवस. विचारलं की साधं उत्तर येतं : आई द्राक्षाचे घड विरळायला जाते, धाकटा घरी आहे. डिसेंबरात ती मधूनच दोन दिवस येते, वही कोरी असते, चाचणीत काही लिहीत नाही. जानेवारीत तिची ओळ गैरहजेरीने भरून जाते. शाळा सोडते असं ती कुणाला म्हणालेली नसते, घरात कुणी तसं ठरवलेलंही नसतं. पुढच्या जूनमध्ये मात्र सगळे धरून चालतात की तिची शाळा सुटली.

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती येते. नायगाव आमच्या शेजारच्याच सातारा जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. १८३१मध्ये तिथे जन्मलेल्या मुलीची जयंती आमच्या शाळाशाळांत मोठ्या प्रेमाने साजरी होते. मुली नऊवारी नेसून, कपाळावर आडवी चिरी लावून भाषणं करतात. नेमक्या त्याच आठवड्यांत द्राक्षबागांत कामाची घाई असते आणि वर्गातल्या ज्या मुलींसाठी ही जयंती सगळ्यात जास्त असायला हवी, त्या आलेल्या नसतात. हे मला दरवर्षी टोचत आलं आहे.

निवृत्त झाल्यावर मी अशा मुलींच्या मागे लागले. लहान असेल तर तिला शाळेत परत बसवायचं, वय पुढे गेलं असेल तर संध्याकाळी घरी वर्ग घेऊन बाहेरून दहावीला बसवायचं, एवढंच काम. ते करताना एक गोष्ट मनात पक्की बसली. शाळा सुटलेली मुलगी घरी रिकामी बसलेली नसते. तिच्या हातात असं काहीतरी काम असतं, ज्याच्या जोरावर घरातलं दुसरं माणूस मजुरीला बाहेर पडू शकतं. ती वर्गात यायची तर ते काम आणखी कुणीतरी उचलावं लागतं. ते कोण उचलणार हे ठरत नाही तोवर बाकीचं सगळं बोलणं हवेत जातं. शिक्षणाचं महत्त्व आता गावात कुणाला पटवावं लागत नाही. ‘पोरगी शिकली पायजे’ हे माझ्याआधी तिचा बापच म्हणतो आणि मनापासून म्हणतो.

जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका वस्तीवरची गोष्ट सांगते. तिकडची गावं कानडी आणि मराठी दोन्ही बोलतात, जिल्हा परिषदेच्या शाळाही दोन्ही माध्यमांच्या आहेत. ही मुलगी मराठी शाळेतली, सातवीपर्यंत पहिल्या तिघींत. आई-वडील दसरा झाला की वाळव्याकडे ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. थोरलीला आजीजवळ ठेवलं होतं. शाळेसाठी ठेवलं, असं सगळे म्हणत आणि तसा हेतूही होता. पण आजीला गुडघ्यांमुळे चालवत नव्हतं, धाकटी दोन भावंडं होती आणि दावणीला सहा शेरडं होती. आठवीची शाळा दुसऱ्या गावात. सकाळी निघालं तर संध्याकाळी परत. दिवाळीपर्यंत तिने ते कसंबसं ओढलं आणि मग जाणं थांबलं.

मी गेले तेव्हा आजी अंगणात तुरी झोडपत बसली होती. तिने हातातलं काम न थांबवता माझं सगळं ऐकून घेतलं.

“बाई, तुमी म्हंताय ते खरं हाय. पर ही शाळंला गेली तर शेरडामागं कोण जाईल? माझं पाय बगा की.”

“थोडी विकली तर, आज्जी?”

“आन आजारपाजाराला मग काय इकू? दोन गाभण हायती त्यात.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या घरात दवाखाना, चपला, वह्या, पाहुण्यांचं लग्न सगळं शेरडांवर निघत होतं. मग आम्ही शिक्षणाचं बोलणं बाजूला ठेवलं आणि शेरडांचंच बोलत बसलो. कुठल्या रानात नेतात, पाणी कुठे पाजतात, वस्तीवर आणखी कोण राखतं. बोलता बोलता आजीच म्हणाली की ओढ्यापलीकडे एक एकटी बाई आहे, तिची स्वतःची तीनच जनावरं आहेत, ती अर्धलीनं घेईल. चार शेरडं तिच्याकडे गेली. होणारी करडं निम्मी निम्मी वाटून घ्यायची ठरलं. उरलेली दोन दाव्याला बांधली आणि त्यांचा पाला आणायचं काम मधल्या भावाकडे आलं. तो तेव्हा पाचवीत होता आणि फार कुरकुरला. पण त्याची शाळा वस्तीजवळच होती. त्याला जमत होतं, आतापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं इतकंच.

ती मुलगी पुढे दहावी झाली, आता अकरावीला जतमध्ये आहे. तो तोडगा आजीचा. मी फक्त कामाचा प्रश्न शाळेच्या प्रश्नाइतकाच मोठा धरला. पुढेही अनेक घरांत हेच दिसलं. “हिला शाळेत पाठवा” म्हटलं की घर गप्प होतं. “ही दिवसभर काय काय करते, ते सांगा” म्हटलं की सगळे बोलू लागतात आणि त्या बोलण्यातूनच काहीतरी वाट निघते.

सगळ्यात अवघड काम म्हणजे कडेवरचं पोर. शेरडं अर्धलीनं देता येतात, पाणी भावाला आणता येतं, भाकरी पहाटे थापून ठेवता येतात. दीड वर्षाचं मूल कुणाकडे द्यायचं? अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं बसतात. त्याहून लहानांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो, त्यांना सांभाळणारी जागा मिळत नाही. मग तेवढी तीन वर्षं ते मूल मोठ्या बहिणीच्या कडेवर असतं. ते अंगणवाडीत जाऊ लागतं तोवर बहिणीचे आठवी, नववी, दहावीचे दिवस संपलेले असतात. गळतीची कारणं सांगणारे तक्ते मी पुष्कळ भरले आहेत. त्यांत ‘घरकाम’ असा एक रकाना असतो. त्या रकान्यात हे तीन वर्षांखालचं मूल दडून जातं आणि मग त्याच्यासाठी कुणी काही मागत नाही.

मला या बाबतीत विसापूरची आठवण येते. तासगाव तालुक्यातल्याच या गावात वि. स. पागे यांनी १९६५च्या सुमारास मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. तोच पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना झाला, १९७७मध्ये त्याचा कायदा झाला आणि २००५मध्ये देशाने तो विचार उचलला. २००५च्या कायद्यात एक तरतूद होती, ती मला फार मोलाची वाटते. कामावर आलेल्या बायकांची सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर एका बाईला मुलं सांभाळण्यासाठीच नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. मूल सांभाळणं हे काम आहे आणि त्याचा रोज पडला पाहिजे, हे कायद्याने मान्य केलं. हाच विचार आमच्या द्राक्षबागांत, बेदाण्याच्या शेडवर, उसाच्या फडावर आला तर किती मुली वर्गात राहतील! पाच-सहा बागाईतदारांनी मिळून हंगामापुरती एक बाई नेमली, तिला एक सावलीची खोली दिली, तरी एका वाडीचा प्रश्न सुटतो. एका गावात दोन बागाईतदारांनी हे केलं. त्यांच्या टोळीत बायका टिकून राहू लागल्या, हा त्यांचा फायदा. आमचा फायदा असा की त्या वाडीवरची नववीतली मुलगी जानेवारीत शाळेत होती.

कामाचा प्रश्न सोडवल्याशिवाय शाळा उभी राहत नाही, हे आमच्या भागाला नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. जे घर मुलाला जेवू घालू शकत नाही ते त्याला शाळेत कसं घालणार, हा प्रश्न त्यांनी आधी घेतला. त्यासाठी लक्ष्मीबाईंच्या अंगावरचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीला जेवत आणि स्वयंपाकापासून शेतातल्या राबण्यापर्यंत सगळं स्वतः करत. ‘कमवा व शिका’ हे त्यातूनच आलं. मी मुलींच्या संदर्भात त्या वसतिगृहाचा विचार करते तेव्हा मला तिथल्या मुलांच्या हातातली भाकरी सगळ्यात महत्त्वाची वाटते. शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात मुलगे शिकता शिकता रांधत होते. त्यांची नातवंडं-पतवंडं आज घरात बहिणीने वाढेपर्यंत ताटावर बसून राहतात.

गेल्या काही वर्षांत ज्या मुली माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बऱ्याचजणींची शाळा एकाच काळात सुटली. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या. मोबाइल घरात एक, तोही बापाच्या खिशात. वर्ग उघडले, पुन्हा मिटले. सगळं जरा मार्गी लागतंय तोवर २०२१च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२पर्यंत चालला. शहरातल्या लोकांना त्या संपाचा मुलींच्या शाळेशी काय संबंध, असं वाटेल. आमच्याकडे माध्यमिक शाळा चार-पाच गावांत मिळून एक असते. मुलींना पाचवी ते बारावी अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट मिळतो आणि त्या पासावर हजारो मुली घराबाहेर पडतात. गाडीच नाही म्हटल्यावर मुलगे कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून गेले, मुलींना तसं कुणी पाठवेना. त्याच काळात चार माणसांत, कमी खर्चात लग्नं उरकत होती. नववीतल्या कितीतरी मुली त्या दोन वर्षांत कुणाला फारसं न कळता सासरी गेल्या.

आता कागदांचं. ज्यांच्या घरी अशी मुलगी आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बालकांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९चा, १ एप्रिल २०१०पासून लागू. सहा ते चौदा वयाच्या मुलीची शाळा सुटली असेल तर तिला तिच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, असं त्यात स्पष्ट आहे. तेरा वर्षांची मुलगी चौथीतून सुटली असली तरी तिला चौथीत नेऊन बसवायचं नाही. दाखला नाही, जन्माचा कागद नाही, म्हणून तिला दारातून परत पाठवता येत नाही. चौदा वर्षं उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत तिचा हक्क राहतो. अडचण त्यापुढे आहे. नववीत हा कायदा हात सोडतो आणि मुलींची शाळा सुटते तीही नेमकी तिथेच.

पुढच्या मुलींसाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसता येतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा, एक शाळा वाटून मिळते, तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिकं तिथे द्यायची. मंडळ दरवर्षी मुदत जाहीर करतं. ती उलटली तर विलंब शुल्क पडतं, म्हणून पावसाळ्यातच चौकशी सुरू करावी. शाळा सोडल्याचा दाखला हा यातला मुख्य कागद आणि त्याच्यासाठी मुलींना फार हेलपाटे घालावे लागतात. एका शाळेत लिपिकाने एका मुलीला “उद्या ये” इतक्यांदा सांगितलं की तिचे रोज बुडू लागले आणि तिच्या आईने पुन्हा पाठवायला नकार दिला. दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं, हाही नेहमीचा घोळ. २०११च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात ‘नकुसा’ नाव असलेल्या २८५ मुलींना समारंभाने नवी नावं देण्यात आली. ते फार चांगलं काम झालं. पण ज्यांची नावं घरच्या घरी बदलली गेली त्यांच्या जुन्या दाखल्यांवर जुनंच नाव असतं. माझ्याकडच्या एका मुलीला त्या दाखल्याची झेरॉक्स काढायला दुकानात जायचीही लाज वाटायची. तिचं नाव राजपत्रात बदलून घेतलं, त्यात एक वर्ष गेलं. तिने ते वर्ष अभ्यासाला लावलं.

वर्ग माझ्या घरी, पुढच्या सोप्यात भरतो. बेदाण्याची शेडं सुटली, भाकरी झाल्या, की मुली येतात. परत आलेल्या मुलीला पहिल्यांदा काय जड जातं, असं विचाराल तर मी इंग्रजी किंवा गणित सांगणार नाही. लिहिणं जड जातं. तीन-चार वर्षं पेन हातात धरलेलं नसतं. पंधरा मिनिटं लिहिलं की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते आणि भाषेचा पेपर तीन तासांचा असतो. दिवसभर खुरपं चालवणारे, बेदाणा निवडणारे हात हे. ताकद भरपूर, सवय मोडलेली. म्हणून आम्ही पहिले दोन महिने रोज नुसतं लिहितो. आज शेडवर काय झालं, कोण भांडलं, घरी काय शिजलं. विषय काहीही, पण पान भरायचं. जोडाक्षरं या लिहिण्यातूनच परत येतात. मोठ्याने वाचायला मी सुरुवातीला कुणालाच लावत नाही. सोळा वर्षांच्या मुलीला चारजणींसमोर अडखळत वाचायला लावलं तर ती दुसऱ्या दिवशी येत नाही. शाळांनाही माझं हेच सांगणं असतं. परत आलेल्या मुलीचा स्वातंत्र्यदिनाला फुलं देऊन सत्कार करू नका. एखादी चांगली मैत्रीण तिच्या बाकावर बसवा, जुना गणवेश उसवून मोठा करून द्या आणि तिचं नाव इतर मुलींसारखंच पुकारा.

गणिताची गंमत वेगळी आहे. यांचा तोंडी हिशेब माझ्याहून पक्का असतो. किलोमागे इतकी मजुरी, आज इतके किलो, मधे अर्धा दिवस सुट्टी, त्यातून उचल वजा. क्षणात उत्तर येतं आणि बरोबर येतं. पण पेपरात पायऱ्यांना गुण असतात, पायऱ्या कागदावर मांडायचं त्यांना सुचत नाही. मग मी उलट्या बाजूने जाते. “तू आत्ता डोक्यात काय केलंस ते मला सांग,” म्हणते. ती सांगते, मी फळ्यावर लिहिते. “हे असं मांडतात व्हय?” असं एकीने विचारलं होतं. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो पाहायला मिळावा म्हणून मी आणखी वीस वर्षं गणित शिकवीन.

लग्नाचा प्रश्न प्रत्येक मुलीच्या मागे उभा असतोच. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अठराच्या आत मुलीचं लग्न हा गुन्हा आहे. गावात ग्रामसेवक त्यासाठीचा अधिकारी असतो आणि १०९८ या क्रमांकावर कुणालाही कळवता येतं. कळवावं, हेच माझं मत आहे, मग शेजाऱ्यांशी वाकडं आलं तरी चालेल. पण लग्न मोडल्यावर त्या मुलीचं पुढच्या सोमवारी काय, हे त्याच दिवशी ठरलं पाहिजे. ती घरातच राहिली तर गाव तिच्याकडे बोट दाखवतं आणि वर्षभरात दुसरं स्थळ येतं. ती शाळेत किंवा वर्गात दिसली, हातात परीक्षेची पावती असली, की घरच्यांनाही सांगायला काहीतरी राहतं : “दहावी हुंदे, मग बगू.” या एका वाक्याने मी मुलींची दोन-दोन वर्षं वाचलेली पाहिली आहेत.

लग्न झालेल्या मुलीही येतात. त्यांना पाठवणारी बहुतेक वेळा सासू असते, हे सांगितलं तर लोकांना नवल वाटतं. अंगणवाडीत मदतनीस व्हायलाही आता बारावी लागते. स्वतः आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात वाकलेल्या बाईला सुनेच्या त्या नोकरीची किंमत बरोबर कळते. एका सासूने मार्च महिन्यात सहा महिन्यांचं नातवंड घेऊन परीक्षा केंद्राच्या बाहेर सगळे पेपर काढले. पेपर अकराला. साडेदहाला सून मुलाला पाजायची आणि आत जायची. सासू लिंबाखाली साडीची झोळी बांधून बसायची. पोर रडायला लागलं तर शाळेच्या भिंतीपासून लांब जायची, सुनेला आवाज जाऊ नये म्हणून. त्या सुनेला ५८ टक्के मिळाले. निकालाच्या दिवशी सासूने वाडीत साखर वाटली. या बाईचा सत्कार मात्र मला करावासा वाटला होता, तो तिने करू दिला नाही.

घरातले मुलगे हा माझा आता मुख्य विषय आहे. बारावी झालेला, नोकरी नसलेला, सकाळी दहापर्यंत झोपणारा भाऊ ज्या घरात आहे, त्याच घरातली बहीण पाण्यासाठी शाळा बुडवते, हे मला सहन होत नाही. मी त्याला बाजूला घेते आणि सरळ विचारते, “तिचं कुठलं काम तू घेतोस?” पहिल्यांदा तो हसतो, मग आईकडे बघतो. आई म्हणते, “ऱ्हाऊ द्या बाई, त्याला न्हाई जमायचं.” इथे थांबायचं नाही. मी यादी काढते : पाणी, झाडलोट, धाकट्याला अंगणवाडीत सोडणं, म्हशीची धार. यातलं एक घे. बहुतेकजण धार घेतात, कारण ती बाहेर दिसते आणि तिला मान आहे. चालतं, तेवढ्याने सकाळचा पाऊण तास सुटतो. भांडी घासायला तयार झालेला एकच भाऊ मला आजवर भेटला, आटपाडीचा. बाप गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात तमिळनाडूत, आई आजारी, दोघंच भावंडं घर चालवत होती. त्याने स्वतःच वाटणी करून घेतली होती : एक दिवस तिची भांडी, एक दिवस त्याची. माझ्या यादीची तिथे गरजच पडली नाही.

मुलींना स्वतःला काय हवं असतं, हेही मी विचारते. उत्तरात गेल्या काही वर्षांत एक गोष्ट फार ऐकू येते : पोलीस भरती. बारावी पास, उंची १५५ सेंटिमीटर, ८०० मीटर धावणं, गोळाफेक. हे आकडे त्यांना पाठ असतात. पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर मुली धावताना दिसतात, ट्रॅकपँट घालून, दोघी-तिघी मिळून. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. तिचं नाव या मुली मावशी-आत्याचं घ्यावं तसं घेतात. धावायला घरून परवानगी मिळते, कारण भरतीत पगार आहे. आणि भरतीसाठी बारावी लागते, बारावीसाठी दहावी. अशा रीतीने आठवीत सुटलेली एक मुलगी एका पहाटे धावून घामाघूम होऊन माझ्या दारात आली आणि म्हणाली, “बाई, १७ नंबर कधी सुटतोय?”

तिचं काम कोण उचलणार, हे आम्ही त्याच सकाळी बोललो. आई बेदाण्याच्या शेडवर, बाप ट्रॅक्टरवर, दीड वर्षाचा भाचा घरी, कारण थोरली बहीण बाळंतपणाला आलेली. चुलतीने दुपारचे तीन तास भाच्याला घेतलं. त्याच्या बदल्यात ही चुलतीच्या मुलाला संध्याकाळी पाढे शिकवते. मार्चमध्ये तिने सगळे पेपर दिले. गणित राहिलं, बाकी सगळं निघालं, इंग्रजीसुद्धा. पूर्वी एक विषय राहिला की वर्ष जायचं, आता जून-जुलैत पुरवणी परीक्षा होते. तिचा फॉर्म भरला आहे. बीजगणित तिचं चांगलं आहे, भूमितीत प्रमेयाची सिद्धता लिहिताना कारणं गळतात. सध्या रोज दोन प्रमेयं करतो. चुलतीला मात्र या महिन्यात माहेरी जायचं आहे, तेव्हा त्या आठ दिवसांचं काय करायचं, याचं बोलणं तिच्या बापाशी चालू आहे.